सारख्या शब्दांचे दोन रकाने

४ मार्च, सोमवार

“राजे प्रत्येक अर्ज स्वतः वाचतात हं, ताई.” वकिलांचा कारकून म्हणाला होता, अर्जाला टाचणी टोचता टोचता. सहा वर्षं झाली. त्या एका वाक्यावर आईने आणि मी सहा वर्षं रेटली.

आज ऑफिसात त्याच राजांबद्दल लिहायला सांगितलं. मुद्द्यामागे तीस शब्दांच्या आत. एकतीस चालणार नाहीत!

सहा आठवड्यांनी सगळ्या देशाने कौल द्यायचा आहे. आहे ती घटनात्मक राजेशाही ठेवायची, म्हणजे गादीवर राजा आणि कारभार पंतप्रधानांचा? की राजाला रजा देऊन लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणायचा, कारभाराच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला? घरोघर पुस्तिका जाणार. पानावर दोन रकाने. प्रत्येक मुद्द्याला दोन्हीकडे मोजून सारखे शब्द. साहेब म्हणाले, “हे काम तुम्हीच करा. तुम्हाला कधी कुठली बाजू नसते.”

मग एका कागदावर सही घेतली — ‘या विषयाशी माझा व्यक्तिगत संबंध नाही.’

केली. धाकटा भाऊ नऊ वर्षं तुरुंगात, त्याचा दयेचा अर्ज सहा वर्षं राजाच्या टेबलावर, आणि माझा संबंध नाही! सही नेहमीपेक्षा सुंदर आली.

६ मार्च, बुधवार

दोन्ही बाजूंचे वकील रोज समोरासमोर बसणार, माझा मसुदा तपासायला. राजाकडून एक मिशाळ गृहस्थ. मनात मी त्याला ‘मिशा’च म्हणते. राष्ट्राध्यक्षवाल्यांकडून एक बाई, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणारी. ती ‘चष्मा’.

पहिला मुद्दा, देशाचा प्रमुख. मी लिहिलं होतं, राजा सर्व पक्षांच्या वर असतो.

चष्मा म्हणाली, “वर म्हणजे कुठे? माळ्यावर?”

“माळ्यावर का होईना, सगळ्यांचा असतो,” मिशा म्हणाला. “तुमचा राष्ट्राध्यक्ष एक्कावन्न जणांचा बाप आणि एकोणपन्नास जणांचा सावत्र बाप!”

“पाच वर्षांनी बदलता तरी येतो.”

“वा! बाप बदलायची सोय! लिहा हो बाई, हेच लिहा त्यांच्या रकान्यात.”

साहेबांनी चहा मागवला. दोघांनीही घेतला नाही. समोरच्याने आधी उचलला असता तर घेतला असता. साय धरली कपांवर. तीन तासांत एक मुद्दा झाला. शेवटी राजाकडे एक शब्द कमी भरला, म्हणून मी ‘देखील’ घातला. देशाचं भवितव्य आणि माझा एक ‘देखील’!

७ मार्च, गुरुवार

भेटीचा दिवस. दर दुसऱ्या गुरुवारी पास मिळतो, दोन माणसांचा. आईच्या गुडघ्यांनी संप केल्यापासून दुसरी खुर्ची रिकामीच असते.

धाकटा तिथे पुस्तकं बांधायच्या खोलीत असतो. बोटांवर खळ वाळलेली. पुस्तिकेचं सांगितलं तर हसला. “म्हणजे राजाची बांधणी आता तुझ्याकडे!” दाढीत पांढरे केस दिसले. अडतीसचा आहे. शाळेत जाताना मी त्याचं वरचं बटण लावायची, तेव्हा जीभ बाहेर काढून मेल्याचं नाटक करायचा.

निघताना नेहमीचाच प्रश्न. “ती बाई अजून तुझ्या ऑफिसपाशी उभी असते का गं?”

“असते. मरू दे तिला.”

मला त्या प्रश्नाचा संताप येतो. आईच्या गुडघ्यांचं एकदाच विचारतो, ती बाई मात्र दर वेळी!

८ मार्च, शुक्रवार

मुद्दा चौथा — नको झालेल्या माणसाला घालवायचं कसं.

राजेशाहीत पंतप्रधान एका दुपारीही पडू शकतो. संसदेने विरोधात हात वर केले की झालं. राष्ट्राध्यक्ष मात्र मुदत संपेपर्यंत बसतो, फार मोठा गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय हलत नाही. मिशा खूश. “लिहा, आमच्याकडे वाईट कारभारी टिकत नाही.” चष्मा म्हणाली, “तुमच्याकडे चांगलाही टिकत नाही. चार वर्षांत पाच झाले. मला तर सध्याच्याचा चेहरा आठवत नाही.” मिशालाही पटकन आठवला नाही. मग दोघे माझ्याकडे बघायला लागले.

दोघंही खरं बोलतात. म्हणूनच दोघांची चीड येते. अठ्ठावीस पानं होतील. त्यात एका गोष्टीला ओळ नाही — ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याने कुठल्या दारावर थाप मारायची?

११ मार्च, सोमवार

एकदा लिहूनच टाकते.

शिवणकारखाना. धाकटा तिथे सुपरवायझर. मागच्या दाराने कापडाचे तागे चोरीला जायचे. मालक म्हणाला, काम चालू असेल तोवर मागच्या दाराला कुलूप ठेव. तोंडी म्हणाला. धाकट्याने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पुढच्या दाराने बाहेर गेला. दहा मिनिटं, सिगारेट ओढायला. तेवढ्यात आत आग लागली. मागच्या बाजूच्या चार मुली गेल्या. कोर्टात मालक म्हणाला, “मी असं काही सांगितलंच नाही.” मालकाचा मेहुणा मंत्री. मालक घरी गेला. धाकट्याला अठरा वर्षं.

चौघींतल्या सगळ्यात लहान मुलीची आई रोज अकरा ते एक आमच्या ऑफिसच्या फाटकाशी उभी असते. गळ्यात मुलीचा फोटो. हातात फलक — ‘मालक मोकळा का? राष्ट्राध्यक्ष आणा.’ तिचं म्हणणं, राजाच्या नावाआड मंत्री लपतात. राष्ट्राध्यक्ष एकटा असतो, त्याची कॉलर तरी धरता येते. चष्म्याला हे इतकं नेटकं कधी सांगता आलं नाही.

मला ती कोर्टापासून ओळखते. आज म्हणाली, “लिहा, लिहा! दोन्हीकडे सारखं लिहा. मेलेल्यांना तीस शब्द, मारणाऱ्यांना तीस शब्द.”

मी म्हटलं, “तुम्हाला काही कामधंदा नाही का?”

“होता. तिला डबा पोचवायचा.”

आत येऊन हात धुतले. का धुतले, कोण जाणे.

१२ मार्च, मंगळवार

नववा मुद्दा. दयेचा अधिकार. रात्रभर — नाही, वर्षानुवर्षं हे वाक्य माझ्याकडे तयार होतं.

राजाकडे लिहिलं: ‘शिक्षा माफ करण्याचा अधिकार राजाकडे असतो, मात्र तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरता येतो.’ राष्ट्राध्यक्षाकडे: ‘शिक्षा माफ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे असतो, त्यासाठी त्याला कोणाच्याही सल्ल्याची सक्ती नसते.’ बारा आणि बारा. एकही ‘देखील’ लागला नाही.

मिशा भडकला. “म्हणजे आमचा राजा रबरी शिक्का?”

चष्मा त्याहून भडकली. “आणि आमचा राष्ट्राध्यक्ष मनमानी करणारा? ‘सक्ती नसते’ म्हणे! लोक घाबरतील.”

“असं लिहा, राजा करुणेने विचार करतो.”

“मग आमच्याकडेही करुणा घाला!”

“निवडणूक लढवणाऱ्याला कसली आलीय करुणा?”

तासभर हेच. मग दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं — मुद्दाच काढून टाका! एकाच पेनाने सह्या केल्या, आणि आज चहाही घेतला.

लाल रेघ मीच मारली. मला बोलता आलं नसतं का? बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला का एवढं लागतंय?

१५ मार्च, शुक्रवार

आई राजाच्या बाजूची. भाजी निवडत म्हणाली, “त्याला काय कुणाच्या मतांची पडलीय? मनात आलं तर सोडेल आपल्या पोराला.”

“आई, त्याच्या मनात यायला आधी मंत्र्याच्या मनात यावं लागतं. आणि त्या मंत्र्याचा मेहुणा कोण?”

“मग आण तो दुसरा. राष्ट्राध्यक्ष.”

“त्याला पुन्हा निवडून यायचं असतं. चार मुली जिच्यात गेल्या त्या आगीतला माणूस यानेच सोडला, अशी भित्तिपत्रकं लागतील गल्लोगल्ली. सोडेल तो?”

आईने पुढची जुडी घेतली. देठ मोडत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे एकाला हात नाहीत आणि दुसऱ्याला छाती नाही.”

आठ शब्द! मी अठ्ठावीस पानं भरली.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. राजा गेला तर त्याच्याकडचे सगळे अर्ज बाद. नवा अर्ज, नवी रांग, पहिल्यापासून. म्हणजे राजाला मत दिलं तर न हलणारा कागद, राष्ट्राध्यक्षाला दिलं तर कोरा कागद. आई बहात्तरची आहे. तिला धाकट्याच्या हातचं पाणी घरात प्यायचं आहे, एवढंच. पोरगा दारातून आत आलेला बघायचा. यासाठी कुठल्या रकान्यावर खूण करू?

१९ मार्च, मंगळवार

आज एक नीच काम केलं.

आमच्या फाटकापासून शंभर पावलांत प्रचाराला बंदी आहे. तिच्या फलकावर ‘राष्ट्राध्यक्ष आणा’. मी साहेबांना लेखी कळवलं. नियम माझ्या बाजूने होता. पहारेकऱ्याने तिला रस्त्यापलीकडे दूर नेऊन उभं केलं. इकडे झाडाची सावली होती. तिकडे पत्र्याचं कुंपण आणि डोक्यावर ऊन.

तिने वाद घातला नाही. फोटो सरळ केला आणि वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “बरं झालं, निष्पक्षपणा राखला गेला.”

राखला गेला!

२१ मार्च, गुरुवार

आईला ताप. भेटीला गेले नाही. खरं तर तो विचारेल म्हणून गेले नाही.

२५ मार्च, सोमवार

पुस्तिका गेल्या. हलकं वाटलं नाही.

२७ मार्च, बुधवार

हसावं की कपाळ बडवावं!

डावीकडे कुणाचा रकाना, यावर दोघं आठवडाभर भांडली होती. तोडगा असा काढला, की निम्म्या प्रतींत राजा डावीकडे, निम्म्यांत राष्ट्राध्यक्ष. छापखान्यात रकाने फिरवले आणि डोक्यावरची शीर्षकं फिरवायची राहिली. चाळीस हजार घरांत पुस्तिका गेली, की राजाला लोक दर पाच वर्षांनी निवडतात आणि राष्ट्राध्यक्षपद बापाकडून थोरल्या लेकराकडे जातं!

शेवटची तपासणी मिशा आणि चष्मा यांनी केली होती. दोघांनी फक्त शब्द मोजले. बरोबर होते.

दिवसभरात दीडशे फोन आले. काहीतरी चुकलंय असं म्हणणारे चार. एक आजोबा म्हणाले, “निवडलेला राजा! उत्तम कल्पना. इतकी वर्षं कुणाला सुचली कशी नाही? खूण कुठे करू?” एका बाईंनी विचारलं, “राष्ट्राध्यक्षाला जुळी झाली तर?” मी म्हटलं, तशी तरतूद अजून नाही. साहेब शेजारीच उभे होते. हसले नाहीत.

सगळं पुन्हा छापायचं.

२९ मार्च, शुक्रवार

फेरछपाई म्हणून मसुदा कायदा विभागाकडे गेला. तिथल्या बाईंनी पहिल्या तासातच बोट ठेवलं — “दयेचा मुद्दा कुणी गाळला? तो हवाच. आणि खाली टीप घाला, राजेशाही गेली तर पडून असलेले अर्ज बाद होतील. किती आहेत, ते नोंदवहीतून घ्या.”

साहेबांनी मलाच पाठवलं.

दयेच्या अर्जांची कचेरी, खालच्या मजल्यावरची खोली. निळ्या पाठीची लांब वही. एक्केचाळीस नावं. मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचली. धाकट्याचं नाव नाही.

आधीची वही मागितली. त्यात होतं. नावासमोर — ‘अर्जदाराच्या विनंतीवरून परत.’ तारीख, अर्ज दिल्यापासून एकोणीस दिवसांनी. खाली सही. त्याचीच. मीच त्याला अक्षर गिरवायला शिकवलं, मला कोण फसवणार!

सहा वर्षं! दर महिन्याला इथल्याच चौकशीच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता सांगायचा, “वर आहे.” त्याने एकदाही वही उघडली नव्हती. मी राजाला, मंत्र्याला, त्याच्या मेहुण्याला रोज शिव्या घातल्या. राजाच्या टेबलावर काही नव्हतंच.

आकडा कळवला. एक्केचाळीस.

३१ मार्च, रविवार

राग आहे तेवढाच आहे. ठेवायला जागा नाही.

४ एप्रिल, गुरुवार

खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “का?”

त्याला लगेच कळलं. नखाने बोटांवरची खळ खरवडत बसला. मग म्हणाला, “ताई, त्या बाईची साक्ष झाली तेव्हा तू कोर्टाबाहेर गेली होतीस.”

गेले होते. मुद्दाम.

“ती मागच्या दाराशी होती, ताई. डबा घेऊन आली होती. बाहेरून कडी ओढत होती. आतून पोरगी तिच्याशी बोलत होती. बराच वेळ बोलत होती. आणि किल्ली घेऊन मी पुढच्या बाजूला.”

“मालकाने सांगितलं होतं तुला!”

“किल्ली मालकाच्या खिशात नव्हती.”

मी म्हटलं, मग अर्जावर सही तरी का केलीस? म्हणाला, “तू आणि आई समोर बसला होतात. तुमच्या तोंडाकडे बघून केली. मग झोप येईना.” आणि मग — “राजा सोडेल, नाहीतर राष्ट्राध्यक्ष सोडेल. त्या दोघांचं माझ्यामुळे काय गेलंय? ते कोण मला माफ करणारे? ती म्हणाली जा, तर आजच्या आज सही करतो. ज्याच्या नावाने म्हणशील त्याच्या नावाने.”

“तू विचारलंस कधी तिला?”

“कसं विचारू? तुरुंगातून पत्र गेलं तर तिला ती धमकी वाटेल.”

“आणि आई?” मी ओरडलेच. पहारेकऱ्याने वळून पाहिलं. “आईने कुणाला विचारायचं? तिचं वय विचारलंस कधी?”

“बहात्तर,” तो म्हणाला. “त्या मुलीचं एकोणीस.”

मला त्याची घृणा वाटली. लिहिते तसंच, खोडत नाही. आम्हाला न विचारता एकट्याने निकाल देऊन बसला होता. अपील नाही, मुदत नाही, वर कुणी नाही! राजे, राष्ट्राध्यक्ष परवडले.

बसमध्ये मात्र त्याची बोटं आठवत राहिली. खळ निघत नव्हती, तरी खरवडत होता.

५ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना लिहून दिलं, या विषयाशी माझा संबंध आहे. त्यांनी वाचलं. “आता? छापून झालं हो बाई सगळं.” कागद खणात ठेवला. मग हळूच म्हणाले, “त्या बाईला हलवलं, ते तुम्ही... असो.”

आईला सगळं सांगितलं. ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली. तशीच म्हणाली, “मग जा तिच्याकडे.”

“ती थुंकेल माझ्यावर.”

“थुंकू दे. तोंड धुता येतं.”

८ एप्रिल, सोमवार

साडेअकराला खाली उतरले. रस्ता ओलांडला. पत्रा तापलेला होता, त्याला पाठ लागू नये म्हणून ती पुढे वाकून उभी होती. मला पाहून म्हणाली, “आता इथूनही हाकलणार?”

पाठ करून आलेलं सगळं विसरले. मतदान चौदाला आहे, निकाल काय लागायचा तो लागो, हे बोलायचं होतं. स्वतःसाठीही माफी मागायची होती. फोटोकडे मी नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. मुलीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ती नाहीच म्हणणार, हे मला ठाऊक होतं. तिच्या जागी मी असते तर एवढं बोलूसुद्धा दिलं नसतं. तरी म्हटलं —

“अठरा तारखेला माझ्याबरोबर तुरुंगात चला. पास दोघांचा असतो. त्याला माफ करायला नका येऊ. त्याला तुम्हाला एक विचारायचं आहे. तोंडावर नाही म्हणायला तरी या.”